फोटो पुसण्याआधी

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर कवड्या खंड्या पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबतो आणि क्षणात पाण्यात सूर मारतो. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या 2000व्या भागावर ठेवून तो टिपलात, तर एखाद्या फोटोत त्याचा डोळा दुधाळ दिसेल. बिघडला म्हणून तो फोटो पुसू नका! ती पक्ष्याची तिसरी पापणी. पाण्यात शिरताना ती डोळ्याचं रक्षण करते. नुसत्या नजरेला ती क्वचितच सापडते.

हिवाळ्यात इथे येणाऱ्या पट्टकदंब हंसांचे फोटोही मोठे करून पाहा. थव्यात होडी मात्र घुसवू नका, लांबूनच टिपा. एखाद्याच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी दिसली, तर ती थेट मंगोलियात अभ्यासकांनी घातलेली असू शकते. तो क्रमांक, तारीख आणि ठिकाण बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला जरूर कळवा.