कोंबडखतातील नत्र आणि जीवाणूंचे विकर



सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत शेतीला पूरक धंदा म्हणून कुक्कुटपालनाने चांगले मूळ धरले आहे. त्यातून मिळणारे कोंबडखत द्राक्षबागांना व उसाला मोलाचे ठरते. परंतु पावसाळ्यात कोंबड्यांच्या घरात शिरताच डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प येतो, तेव्हा त्या खताचे मोलच हवेत उडून जात असते. हे कसे घडते ते समजून घेणे अगत्याचे आहे.

पक्षी आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र यूरिक अम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. विष्ठेवरील पांढरा थर तो हाच. विष्ठेतील निम्म्याहून अधिक नत्र या अम्लात असतो. ते पाण्यात फारच थोडे विरघळते. त्यामुळे विष्ठा कोरडी राहिली तर नत्र बराच काळ टिकतो.

मात्र काही जीवाणू याच अम्लावर जगतात. बॅसिलस फास्टिडिओसस हा त्यांपैकी एक. त्याच्यापाशी यूरिकेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, असते. प्रत्येकी सुमारे 300 अमिनो अम्लांच्या चार सारख्या प्रथिनसाखळ्या एकत्र येऊन ते बनते. दोन साखळ्या जेथे एकमेकींना भिडतात, तेथील खोबणीत यूरिक अम्लाचा रेणू चिमट्यात धरावा तसा पकडला जातो. अनेक विकरांना धातूचे साहाय्य लागते. यूरिकेजला ते लागत नाही. प्राणवायू आणि पाणी एवढ्यावर ते अम्लाची मोडतोड सुरू करते. पुढे अन्य विकरे त्यापासून अ‍ॅलँटॉइन, नंतर यूरिया आणि अखेरीस अमोनिया तयार करतात.

हवेतील प्राणवायू रोखता येत नाही; पाणी मात्र रोखता येते. गादी कोरडी असेल तर जीवाणूंची वाढ मंदावते आणि विकराचे कामही थंडावते. म्हणून तुसाच्या किंवा भुशाच्या गादीतील ओलावा 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास राखावा. मूठभर गादी दाबून पाहावी. तिचा घट्ट गोळा राहिला तर ओल जास्त झाली असे समजावे. पाटण, शिराळ्याकडे पावसाची झड आत येऊ देऊ नये. आटपाडी, जतसारख्या कोरड्या भागातही गळक्या पाणभांड्यांमुळे गादी भिजते, हे विसरू नये. ओल्या गादीवर नुसता चुना टाकल्यास अमोनिया अधिकच उडतो. प्रथम ओला भाग काढून टाकावा, गादी खालीवर करावी व वारा खेळता ठेवावा.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया 25 भागांहून अधिक झाला, तर पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका यांना इजा होते आणि ते रोगांस सहज बळी पडतात. शेजाऱ्यांनाही दर्प व माश्यांचा उपद्रव होतो आणि तक्रार ग्रामपंचायतीपुढे येते. अशा वेळी केवळ नोटीस देऊन भागत नाही. शिरवळ येथे 1988 साली स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकारी यांचा सल्ला पंचायत सदस्यांनी मिळवून द्यावा. शिक्षकांनी मुठीची ही सोपी परीक्षा विद्यार्थ्यांना शिकवावी. गादी कोरडी राहिली, तर पक्षी निरोगी राहतील, शेजाऱ्यांचा त्रास टळेल आणि हवेत जाणारा नत्र शेतकऱ्याच्या रानात पोहोचेल.