उपासक आणि प्रवाशाचा कॅमेरा

जुन्या पिढीला रंगून या नावाने परिचित असलेल्या यांगोन शहरात, सिंगुत्तर टेकडीवर, श्वेडगोन हा सुवर्णस्तूप उभा आहे. त्याची उंची सुमारे ३२५ फूट आहे. १८५५ साली ब्रिटिशांचे एक शिष्टमंडळ ब्रह्मी राजाच्या भेटीस गेले, तेव्हा लिनियस ट्राइप हा मद्रासच्या सैन्यातील अधिकारी छायाचित्रकार म्हणून बरोबर होता. त्याने या स्तूपाचीही छायाचित्रे घेतली. कागदी निगेटिव्हवर प्रतिमा उमटण्यास त्या काळी बराच वेळ लागे. जे स्थिर असे ते उमटे. जे हाले ते पुसट होई, किंवा मुळीच दिसत नसे. साहजिकच त्या चित्रांत शिखरे आणि मंडप आले. भाविक मात्र बहुधा आलेच नाहीत.

आता परिस्थिती उलट झाली आहे. क्षणाच्या सूक्ष्म अंशात चित्र निघते आणि प्रवाशाचा डोळा स्तूपापेक्षा उपासकावरच अधिक खिळतो. यात नवल नाही, कारण तेथील उपासना खरोखरच मनोवेधक आहे. स्तूपाभोवती आठ दिशांना आठ वारांची स्थाने आहेत. वार सात असता स्थाने आठ कशी, असा प्रश्न पडेल. तर बुधवारचे दोन भाग करून उत्तरार्ध राहूकडे दिलेला आहे. नवग्रहांशी परिचय असलेल्या मराठी माणसाला ही योजना परकी वाटू नये. प्रत्येक जण आपल्या जन्मवाराच्या स्थानी जातो, तेथील बुद्धमूर्तीवर पेल्याने पाणी घालतो, फुले वाहतो आणि हात जोडून बसतो. सायंकाळी दिवे लागतात. काही भाविक हाती झाडू घेऊन रांगेने फरसबंदी झाडीत जातात. तीही सेवाच होय.

अशा वेळी डोळे मिटून बसलेल्या एखाद्या वृद्धेसमोर अनोळखी माणूस कॅमेरा रोखून उभा राहतो. ती काही बोलत नाही. परंतु तिचे मौन म्हणजे संमती नव्हे. ती त्या क्षणी नकार देण्याच्याही स्थितीत नसते. नेमक्या या असहायतेचा लाभ घेऊन काढलेले चित्र कितीही सुंदर असले, तरी ते घेतलेले असते, दिलेले नसते.

पाहुण्याने तेथे कसे वागावे, हा प्रश्न ब्रह्मदेशात नवा नाही. ब्रिटिश राजवटीत युरोपीय लोक पादत्राणांसह पवित्र स्थानी वावरत. त्यावरून मोठा क्षोभ उसळला आणि १९१९ साली सरकारला नमते घ्यावे लागले. आज प्रत्येक प्रवासी पायऱ्यांपाशी जोडे उतरवतो. श्रीलंकेत २०१२ साली तिघा फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने स्थगित कारावासाची शिक्षा दिली. बुद्धमूर्तीचे चुंबन घेत असल्याचा आविर्भाव करून त्यांनी चित्रे काढविली होती. मूर्तीकडे पाठ करून चित्र काढविणेही तेथे अवमानकारक समजतात. मूर्तीच्या मानाला असे कायद्याचे संरक्षण मिळू शकते. उपासकाच्या एकांताला मात्र छायाचित्रकाराच्या विवेकावाचून दुसरा आधार नसतो.

हा विवेक फार कठीण नाही. प्रथम कॅमेरा खाली ठेवून थोडा वेळ नुसते बसावे. प्रार्थना संपू द्यावी. नजरभेट झाली, की कॅमेऱ्याकडे बोट करून खुणेनेच विचारावे. मान हलली तर चित्र घ्यावे, ते दाखवावे. हलली नाही तर हसून पुढे जावे. दिव्यांच्या मंद उजेडात कृत्रिम प्रकाशाचा झोत टाकू नये. जोडलेले हात, ओली फरशी, पाठमोऱ्या आकृती यांतूनही भक्ती प्रकट होते. त्यासाठी चेहरा हवाच असे नाही.

ट्राइपच्या चित्रांत उपासक आले नाहीत, ती त्याच्या यंत्राची मर्यादा होती. आजच्या यंत्राला ती मर्यादा उरलेली नाही. म्हणूनच ती माणसाने स्वतः पाळावयाची आहे. जोडे पायथ्याशी उतरवून वर आलेल्या प्रवाशाला एवढा संयम जड जाऊ नये.