इस्पितळाचे दार उघडल्यानंतर



मनोरुग्णांना समाजात राहू द्यावे, असे म्हटले की सभेत कोणी विरोध करीत नाही. विरोध सुरू होतो तो त्यासाठी पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न निघाल्यावर. म्हणून आज मी दयेविषयी बोलणार नाही; मजुरी, घर आणि अंदाजपत्रक यांविषयी बोलणार आहे.

इटलीतील त्रिएस्ते शहराचे उदाहरण घेऊ. १९७१ मध्ये डॉ. फ्रांको बासालिया तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत सुमारे १,२०० माणसे होती. (त्यांना बोलावून घेणारा प्रांताध्यक्ष समाजवादी नव्हे, ख्रिश्चन डेमोक्रॅट होता, हेही आपण प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.) बासालियांनी कुलपे काढली, याचे कौतुक पुष्कळ होते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. इस्पितळातील झाडलोट आणि स्वयंपाकघरातील काम रुग्णच करीत, आणि 'काम हाच उपचार' या गोंडस नावाखाली ते जवळजवळ फुकट करून घेतले जाई. १९७२-७३ च्या सुमारास या रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली. काम तेच, झाडूही तोच. परंतु आता करार झाला आणि कामगार संघटनांच्या दराने वेतन मिळू लागले. हाती पगार असलेला माणूस भाड्याची खोली मागू शकतो, घरी परतला तर ओझे म्हणून परतत नाही. १९९१ मध्ये इटलीने कायदा करून अशा संस्थांना देशभर मान्यता दिली. त्यांच्या कामगारांपैकी किमान ३० टक्के उपेक्षित गटांतील असावेत, अशी अट घातली. साखरेपासून दुधापर्यंत सर्वांची सोसायटी काढणाऱ्या महाराष्ट्राला हे सुचू नये, याचे नवल वाटते.

त्रिएस्तेत चोवीस तास उघडी राहणारी, मोजक्या खाटांची केंद्रे वस्तीवस्तीत निघाली. १९७८ च्या कायद्याने देशात नवी मनोरुग्णालये बांधण्यास बंदी केली. पण कित्येक भागांत पर्यायी सेवा उभ्या राहिल्या नाहीत. तेथे सारा भार कुटुंबांवर पडला आणि ती संतापली. त्यांचा संताप रास्त होता.

आपल्याकडे तर कुटुंब हीच एकमेव योजना आहे. आणि कुटुंब म्हणजे व्यवहारात कोण? आई, बायको, नाही तर लग्न राहून गेलेली बहीण. तिच्या रात्रीच्या जागरणाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. त्यांना तेथे सोडणारे आप्त निर्दय होते, असे मी मानत नाही. बहुतेकांच्या आवाक्यात दुसरे काही नव्हते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९ वे कलम स्पष्ट आहे. कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवता येणार नाही. अशांसाठी मध्यम-निवास व सामूहिक घरे वाजवी मुदतीत उभारणे किंवा त्यांना साहाय्य देणे सरकारवर बंधनकारक आहे. 'वाजवी मुदत' हे शब्द मात्र सरकारी कचेरीत रबरासारखे ताणले जातात!

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील साथींनी तेथील मनोरुग्णालयांकडे एक आकडा लेखी मागावा : बरे होऊनही केवळ घर नाही म्हणून आत राहिलेली माणसे किती? इतर जिल्ह्यांतील शाखांनी अंदाजपत्रकापूर्वी विचारावे, सामूहिक घरासाठी यंदा किती रक्कम धरली आहे. उत्तरे आली की पुढील बैठकीत त्यांवर बोलू.