छोट्या गाडीचे रूळ



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून प्रत्येकानं विचारलंय. मी रूळ टाकतो. घरातल्या आठ फुटी टेबलावर आपल्या बार्शी लाइटचं मॉडेल उभं करतोय. बोलणार आहे ते रुळांबद्दलच. इंजिनाकडे सगळेच बघतात, पण गाडी खरी वाटते की खेळण्यातली, हे रूळ ठरवतात.

कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं ती उभारली. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गावर ६० किलोचा रूळ असतो. एवढ्या हलक्या रुळावरून माल न्यायचा, म्हणून त्यानं प्रत्येक आसावर ५ टनांची मर्यादा ठेवली. रूळ आधी ठरला, मग गाडी. मॉडेलचंही तसंच आहे.

आता सरांनी शिकवलेलं गुणोत्तर-प्रमाण काढूया. माझं प्रमाण १:८७. ७६२ ला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो, म्हणजे अंतर जवळपास जुळलं. पण तो सहसा १:१६० च्या मॉडेलसाठी असतो. त्याचे स्लीपर आपल्याला हवेत त्याहून लहान आणि फार दाटीनं बसवलेले. अंतर बरोबर असूनही नजरेला खटकतं.

रुळाची उंचीही बघावी लागते. एक प्रचलित मॉडेल-रूळ २.५४ मिलिमीटर उंच असतो. ८७ नं गुणा, २२१ मिलिमीटर होतात. ६० किलोचा खरा रूळसुद्धा १७२ मिलिमीटरच आहे! म्हणून मी एक मिलिमीटर उंचीचा रूळ घेतला.

स्लीपर घरीच करतो. पाच फुटी स्लीपर माझ्या प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरचा होतो. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या पट्ट्या कापायच्या आणि रूळ त्यांवर डाग देऊन जोडायचे. दोन रुळांतून विजेचे दोन ध्रुव जातात, म्हणून प्रत्येक पट्टीवरचं तांबं मधोमध खरवडून तोडायचं. मग चाळलेली बारीक वाळू पसरायची, त्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरनं सोडायचा. साबणामुळे तो वाळूत मुरतो. शेवटी रुळाच्या बाजू गंजाच्या रंगानं रंगवायच्या आणि माथा पुसून चकचकीत ठेवायचा. चाकं जातात तिथं गंज टिकत नाही.

हे सगळं पुस्तकांतून शिकता येतं. पण आपल्या स्टेशनातल्या रुळांकडे बघत कोण कुठं उभं राहायचं, ते पुस्तकात नाही. २००८ पर्यंत मोठी गाडी आली. ती हवीच होती. तिच्यासाठी जुने रूळ उखडले गेले. आपल्या वर्गातल्या दोघांचे वडील गँगमन होते. उन्हातान्हात रूळ चालत तपासणं, सैल झालेलं घट्ट करणं, खडी सारखी करणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. इंजिनांचे फोटो लोकांनी काढले, काही इंजिनं जपूनही ठेवली. या माणसांचं काम मात्र रुळांबरोबरच गेलं.

म्हणून एक मागणं आहे. घरचे जुने अल्बम काढा. वऱ्हाडाचा, सहलीचा, स्टेशनवर काढलेला कुठलाही फोटो चालेल. माणसांच्या चेहऱ्यांबरोबर त्यांच्या पायांखालीही बघा. खडी कुठवर आलीय? स्लीपरचं टोक दिसतंय का? मध्ये गवत उगवलंय का? मला त्याची नुसती प्रत द्या. आपण सगळे सत्तरीच्या आसपास आहोत, हे काम पुढच्या मेळाव्यावर ढकलू नका.

आणि बघायला घरी या. चहा होईतो गाडी कुर्डुवाडीहून निघालेली असेल.