ऑगस्टमध्ये खड्डा, एप्रिलमध्ये तळं

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्यांनो, तुमच्या गावात कॉन्झर्व्हेशन कमिशन आहे, माहितीये? १९५७च्या कायद्यातून आलेली ही समिती. ३ ते ७ सभासद, बिनपगारी. गावाची राखीव जमीन, रानातल्या पायवाटा हेच बघतात. पण खरा अधिकार पाणथळ जागांवर. काठापासून १०० फुटांच्या आत खोदकाम करायचं, तर आधी यांच्याकडे अर्ज, मग जाहीर सुनावणी.

आता व्हर्नल पूल बघा. बर्फ वितळला की रानातल्या खळग्यात पाणी साठतं, उन्हाळ्यात आटतं. तिथे मासे टिकत नाहीत, म्हणून वुड फ्रॉग आणि ठिपकेवाले सॅलमँडर नेमकी तिथेच अंडी घालतात. ऑगस्टमध्ये जागा बघायला आलेल्या बिल्डरला मात्र नुसता पालापाचोळा दिसतो.

सुनावणीत 'इथे तळं असतं हो' म्हणून भागत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, लॉग नसेल तर बग सिद्ध होत नाही. एप्रिलमध्ये अंड्यांचे फोटो काढून, नकाशासकट राज्याकडे नोंद करावी लागते. ती कुणीही करू शकतं.

तुमच्या घरामागे असा खळगा असेल, तर यंदा जाऊन या. फक्त पाण्यात उतरू नका. फोटो काठावरूनच काढा.