फळ्यावरची तारीख

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या : दहावी, मार्च १९९७ ची तुकडी)



शाळेत असताना या माइकसमोर मी एकदाच उभी राहिले होते, टिळक पुण्यतिथीला. तिसऱ्या वाक्याला भाषण विसरले आणि रडत खाली आले. म्हणून आज लिहून आणलंय. संयोजकांनी मला विषय दिला होता 'मुली आणि इंजिनिअरिंग'. त्यावर बोलायला आता आपल्या शाळेच्या पंधरा-वीस मुली इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा. मला बोलायचंय दिनविशेषाच्या फळ्यावर.

ऑफिसच्या दारासमोरचा तो काळा फळा सगळ्यांना आठवत असेल. डाव्या कोपऱ्यात तारीख, मग सुविचार, खाली दिनविशेष. दहावीत माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे होतं. ३ डिसेंबर १९९६, मंगळवार. बाईंनी कागद दिला, त्यावर लिहिलं होतं 'जागतिक अपंग दिन'. संयुक्त राष्ट्रसंघाने तो दिवस १९९२ सालीच जाहीर केला होता, आपल्या फळ्यापर्यंत यायला चार वर्षं लागली. मी रंगीत खडूंनी लिहिलं, बाजूला दोन हातांचं चित्र काढलं. परिपाठाला टाळ्याही मिळाल्या.

त्याच दिवशी तिसऱ्या तासाला आमचं प्रॅक्टिकल होतं. प्रयोगशाळा वर, बावीस पायऱ्या. सगळा वर्ग रांगेने वर गेला. आमच्या वर्गातली एक मैत्रीण खाली राहिली, नेहमीसारखी. तिच्या एका पायात कॅलिपर होता, लहानपणी पोलिओ झालेला. नाव सांगायचं नाही अशी तिची अट आहे, बाकी सगळं तिच्या परवानगीने सांगते आहे. प्रॅक्टिकलच्या तासाला ती ऑफिससमोरच्या बाकावर बसायची. म्हणजे त्या दिवशी तिच्या पाठीमागेच माझा फळा होता. तास संपला, मी खाली आले आणि माझी जर्नल तिला दिली. माझी रीडिंग्ज तिने उतरवून घेतली. दोन वर्षं असंच चाललं.

इथे बसलेल्या कुणालाही दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. आमच्या सरांनी तिला तोंडी समजावलं नाही असा एकही प्रयोग नव्हता. पण स्पिरिटचा दिवा, तिवई, चार परीक्षानळ्या आणि लिटमसचा कागद एका ट्रेमध्ये घालून खाली आणता आला असता, हे सरांना सुचलं नाही आणि वर्गातल्या आम्हा पन्नास जणांपैकी कुणालाही सुचलं नाही. मी तर त्या दिवशी फळा लिहिला होता. तिला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ती कॉमर्सला गेली. का, तर ज्युनिअर कॉलेजमध्ये सायन्स दुसऱ्या मजल्यावर होतं.

आता बावीस वर्षं पुढे येते. पुण्यात मी ज्या कंपनीत काम करत होते, तिथे 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन' नावाची समिती होती. नाव मोठं आहे, अर्थ एवढाच, की आपल्यापेक्षा वेगळी माणसं संस्थेत यावीत आणि आल्यावर त्यांना परकं वाटू नये. मी त्या समितीत होते. आमच्याकडे वर्षाचं कॅलेंडर असायचं, महिला दिन, ऑटिझम दिन, सांकेतिक भाषा दिन. त्या त्या दिवशी फुगे, रिबिनी, केक, फोटो. ३ डिसेंबर २०१८ ला आम्ही आमच्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याला व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ दिला. कार्यक्रम संपल्यावर तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, फुलांचा वास छान आहे. पण माझा रजेचा अर्ज मला अजून शेजाऱ्याकडून भरून घ्यावा लागतो."

रजेच्या अर्जाचं ते सॉफ्टवेअर माझ्याच टीमने केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. दृष्टिहीन माणसं संगणकावर स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावर जे असेल ते तो प्रोग्रॅम वाचून दाखवतो. आमच्या पानावर तो काय वाचत होता? "बटण. बटण. बटण." आम्ही सुंदर चित्रं काढली होती, पण कुठल्याच चित्राला आतून नाव दिलं नव्हतं. कुठल्या बटणाने अर्ज जातो आणि कुठल्याने पुसला जातो, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तारीख निवडायचं कॅलेंडर तर माऊसशिवाय उघडतच नव्हतं. नावं द्यायला आम्हाला दीड दिवस लागला. कॅलेंडरला तीन आठवडे. मी मुदत मागून घेतली होती ४ जानेवारीची, लुई ब्रेलच्या जन्मदिवसाची. योगायोग असा, की संयुक्त राष्ट्रसंघ जागतिक ब्रेल दिन पाळायला लागला तो नेमका त्याच वर्षी, २०१९ ला. आम्ही मात्र त्या दिवशी केक आणला नाही. त्याने स्वतःचा अर्ज स्वतः भरला आणि खरंच दोन दिवस रजेवर गेला.

तेव्हापासून माझं त्या कॅलेंडरकडे बघणं बदललं. आमच्या व्यवसायात मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी एक दिवस पाळतात, संगणक आणि मोबाइल सगळ्यांना वापरता यावेत यासाठी. लॉस एंजेलिसच्या जो डेव्हन या प्रोग्रॅमरने २०११ मध्ये ती कल्पना मांडली आणि जेनिसन असुन्सियन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तज्ज्ञाने ती उचलून धरली. २०१२ पासून तो दिवस चालू आहे. आम्ही त्या दिवशी एकच गोष्ट करतो. सगळे जण तासभर माऊस काढून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि आपलंच सॉफ्टवेअर नुसत्या कीबोर्डवर चालवतो. जिथे अडतं ते वहीत लिहितो. पुढच्या वर्षी तीच वही उघडतो. पहिल्या वर्षी मी अकराव्या मिनिटाला अडकले होते.

हे वाचून कुणाला वाटेल, ही मोठ्या कंपन्यांची थेरं. अजिबात नाही. असा दिवस कसा पाळायचा हे आपल्याला शाळेतच शिकवलं होतं. ९ डिसेंबर १९९५ आठवतो का? देशभर पहिल्यांदा पल्स पोलिओ झाला तो शनिवार. आम्ही नववीत होतो. सकाळी प्रभातफेरी, मग शाळेच्या व्हरांड्यात बूथ. बाळांना दोन थेंब पाजायचे. आणि टेबलाशी बसून यादी लिहायचं काम सरांनी आमच्या त्या मैत्रिणीला दिलं होतं. दिवसभर तिने मान वर केली नाही. एक आजी नातवाला घेऊन आली, तिच्या पायाकडे बघितलं आणि काही न बोलता मुलाचं तोंड उघडून धरलं. मला वाटतं, त्या दिवशी त्या व्हरांड्यात सगळ्यात कामाचं माणूस तीच होती.

पुढे पोलिओचं काम वाढत गेलं. बाळाच्या करंगळीला शाईची खूण आली, मग स्वयंसेवक घरोघर जायला लागले. दारावर खडूने खूण करायचे. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर 'पी', कुणी राहिलं असेल तर 'एक्स'. 'एक्स'च्या दारी परत जायचं. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रविवारी काय करायचं हे अंगणवाडीताईंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं आणि राहिलेल्यांची यादी हातात होती.

आपल्या जिल्ह्याला तर हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरजच नाही. शाहू महाराजांच्या जयंतीला, २६ जूनला, आपण सामाजिक न्याय दिन पाळतो, मिरवणूक काढतो. महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम मात्र फार थोड्यांनी वाचलाय. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना द्यायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच हुकुमात पुढे म्हटलंय की प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करायचा. मला त्यातला हा तिमाही तक्ता फार आवडतो. इंजिनिअर आहे, काय करू!

आणि महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. आता जरा नाजूक बोलते. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती करतो. पंधरा दिवसांनी, संक्रांतीनंतर, किती संस्थांत महिला पालकांचं हळदीकुंकू होतं? आणि माझी आई गेली सहा वर्षं त्या दिवशी 'गुडघे दुखतात' म्हणून घरी बसते. तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

अजून एक तारीख आहे, जी मी फळ्यावर कधीच लिहिली नाही, कारण ती कागदावर कधी आलीच नाही. ३१ ऑगस्ट. १९५२ साली त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, भटके-विमुक्त तो मुक्तिदिन म्हणून पाळतात. आपल्या माळावर दिवाळीनंतर पालं पडायची. पाचवीत असताना त्यातली एक मुलगी आमच्या वर्गात दोन महिने होती. हजेरीपटात तिचं नाव सगळ्यात खाली, पेन्सिलीने. मग पालं उठली आणि नाव खोडलं गेलं, खोडायला सोपंच होतं. आज पालं येतात, फक्त बायपासच्या पलीकडे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मूल वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. मग ३१ ऑगस्टला माजी विद्यार्थी संघाने भाषण ठेवू नये. दिवाळीनंतर पालांवर कोण दोघं जाणार, मुलांची यादी कोण करणार आणि ती मुख्याध्यापकांना कोण देणार, एवढं त्या दिवशी ठरवावं. नावं शाईने लिहायची.

आता आजच्या मेळाव्याचं. महिन्यापूर्वी आपल्या ग्रुपवर निमंत्रणाचं चित्र आलं. (त्या चित्राखाली तोच मजकूर साधा टाइप करत जा, स्क्रीन रीडरला चित्रातली नक्षीदार अक्षरं नीट वाचता येतात असं नाही.) कार्यक्रम वरच्या सभागृहात होता. आमच्या मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं, 'मला जमणार नाही, सगळ्यांना शुभेच्छा.' खाली चाळीस जणांनी हात जोडले. मी तिला फोन केला.

"पायऱ्या किती आहेत गं?" तिने विचारलं.

"बावीस."

"अजून बावीसच? मला वाटलं, एवढ्या वर्षांत दोन-चार तरी झिजल्या असतील."

ती आता व्हीलचेअर वापरते. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, तळमजल्यावर. मी तिला विचारलं, मी बोलणार आहे तर 'अपंग' म्हणू की 'दिव्यांग'? म्हणाली, "तुला हवं ते म्हण, आधी पायऱ्यांचं बघ."

संयोजकांना मी सांगितलं आणि त्यांनी एका दिवसात मांडव मैदानात घातला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. ती आली आहे. कुठे बसली आहे ते सांगत नाही, माना वळवू नका. पण सकाळी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती मांडवाने सुटणारी नाही. स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या आहेत आणि दार तिच्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे. म्हणून ती सकाळपासून पाणी प्यायलेली नाही. चहालाही नको म्हणाली.

देणगीच्या आकड्यांची घोषणा अजून व्हायची आहे. प्रवेशद्वाराला कमान बांधायचा प्रस्ताव आहे असं ऐकते. माझ्या तुकडीचे पैसे आम्ही कमानीला देणार नाही, हे आताच सांगून ठेवते. व्हरांड्याचा चौथरा दोन फूट उंच आहे. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे दोन फुटाला चोवीस फूट लांब रॅम्प. तेवढी जागा गुलमोहराच्या बाजूला आहे, मी पावलांनी मोजली. स्वच्छतागृहाचं एक दार रुंद करायचं आणि आत धरायला दांडा बसवायचा. प्रयोगशाळेसाठी चाकांची एक ट्रॉली, खालच्या वर्गात नेण्यासाठी. आज शाळेत अशी तीन मुलं आहेत, मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांतला एक आठवीत आहे. प्रॅक्टिकलच्या तासाला तो कुठे बसतो, तेही विचारलं. बाक तोच आहे.

येत्या ३ डिसेंबरला मी रजा टाकून इथे येणार आहे. तोपर्यंत काय झालं आणि काय राहिलं, त्याची यादी त्या दिवशी फळ्यावर मीच लिहीन. अक्षर अजून बरं आहे.

मोजायचा टेप पर्समध्ये आणलाय. पावलांचा हिशेब कंत्राटदाराला चालत नाही. चहा झाल्यावर ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी गुलमोहराखाली या. टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल आणि आकडे लिहून घ्यायला ती आहेच.