आकाशांतील जुनीं लढाऊ विमानें

मे ते सप्टेंबर हे इंग्लंडांत जुन्या विमानांच्या उड्डाणांचे महिने होत. या दिवसांत केंब्रिजच्या दक्षिणेस, डक्सफर्डच्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या माणसास बागेंत बसल्या बसल्या एक भरदार, खर्जांतील गुरगुर ऐकूं येते. नित्याच्या प्रवासी विमानांचा तो आवाज नव्हे. हातांतलें काम टाकून लोक वर पाहतात, आणि झाडांच्या शेंड्यांवरून एक लहानसें, निमुळत्या पंखांचें विमान निघून जातें. मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिने राहावयास गेलेल्या पुण्यामुंबईच्या कित्येक आजोबांनीं असें विमान पाहिलें असेल, आणि ‘हें कोणतें?’ या नातवाच्या प्रश्नास ‘स्पिटफायर!’ असें उत्तर देऊन वेळ मारून नेली असेल. हें उत्तर इंग्लंडांत पुष्कळदां बरोबरहि ठरतें. कारण दुसऱ्या महायुद्धांतील जीं लढाऊ विमानें तेथें अद्याप उडतात त्यांत स्पिटफायरांची संख्या मोठी आहे. पण तें चुकतें तेव्हां काय चुकतें, आणि बरोबर असतें तेव्हांहि त्यांत कितपत खरें असतें, हा विषय वाटतो त्याहून खोल आहे.

आज ही ओळख म्हणजे सुटीच्या दिवसाचा विरंगुळा. एके काळीं ती जीवनमरणाची गोष्ट होती. ब्रिटननें ३ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्ध पुकारलें. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं, ६ सप्टेंबरला सकाळीं, शत्रु येत असल्याची खोटी वर्दी मिळून एसेक्स परगण्यावर निरनिराळ्या तुकड्यांचीं विमानें चढलीं. ७४ व्या तुकडीच्या स्पिटफायरांनीं समोर दिसलेलीं विमानें जर्मन समजून त्यांवर गोळ्या झाडल्या. तीं ५६ व्या तुकडीचीं हरिकेन विमानें होतीं. दोन पडलीं, एका तरुण वैमानिकाचा प्राण गेला. ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ वैमानिकांपैकीं या युद्धांत मेलेला तो पहिला. आणि स्पिटफायरनें युद्धांत पाडलेलीं पहिलीं विमानें तीं स्वपक्षाचींच!

विमान ओळखण्याच्या विद्येस पुढें जें महत्त्व आलें तें युद्ध संपेपर्यंत टिकलें. टेहळणी करणाऱ्या स्वयंसेवकांस, तोफखान्याच्या शिपायांस, वैमानिकांस काळ्या छायाकृति पाठ कराव्या लागत. प्रत्येक विमानाच्या तीन आकृति असत: एक खालून पाहिलेली, एक समोरून, एक बाजूनें. १९४१ पासून या एका विषयास वाहिलेलें नियतकालिकहि लंडनमध्यें निघूं लागलें. त्या आकृतींत रंग मुळींच नसे, आणि तें जाणूनबुजून होतें. आकाशाच्या उजेडांत रंग दिसत नाहीं, दिसला तर फसवितो. आकार तेवढा फसवीत नाहीं. जेथें आकारावरूनहि घोटाळा होई तेथें मात्र रंगाची मदत घेतली गेली. ब्रिटिश टायफून आणि जर्मन फोकेवुल्फ १९० यांच्यांत गफलत होऊं लागली म्हणून १९४२ च्या अखेरीस टायफूनच्या पंखांखालीं काळेपांढरे पट्टे काढण्यांत आले. जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळीं तसेच ठळक पट्टे दोस्तांच्या हजारों विमानांवर आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर वर्तुळाकार निशाणींतला मधला लाल ठिपकाच पुसून टाकावा लागला. कारण जपानी विमानांवर लाल वर्तुळ असे. भारतीय हवाई दलाच्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांनींहि तीच निळीपांढरी निशाणी धारण केली होती.

तेव्हां आजच्या पाहणाऱ्यानेंहि आरंभ आकारापासूनच करावा. हरिकेन आणि स्पिटफायर हीं दोन भावंडांसारखीं वाटतात. दोघांचें इंजिन एकच, रोल्स रॉइसचें बारा नळकांड्यांचें मर्लिन. पण हरिकेनचे पंख जाड आणि सरळ, पाठ कुबडासारखी उंचावलेली. त्याच्या मागील अंगास पत्रा नसून कापड ताणून बसविलेलें असतें, आणि तिरप्या उन्हांत त्या कापडाखालच्या कांबींच्या रेषा स्पष्ट दिसतात. पोटाच्या बरोबर मध्यावर रेडिएटरची पेटी असते. याचें पहिलें उड्डाण नोव्हेंबर १९३५ मधलें, आणि स्पिटफायरचें ५ मार्च १९३६ चें, म्हणजे अंतर अवघ्या चार महिन्यांचें. पण पहिलें जुन्या युगाचें शेवटचें अपत्य आणि दुसरें नव्या युगाचें पहिलें, असा फरक पाहतांच जाणवतो. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाच्या वळणाचा, टोकाकडे निमुळता आणि अतिशय पातळ. त्याचा आराखडा करणारा मिचेल १९३७ सालीं वारला. आपल्या विमानाचें युद्ध त्यानें पाहिलेंच नाहीं. लोकांच्या तोंडीं नांव स्पिटफायरचें राहिलें, पण १९४० च्या लढाईंत अधिक शत्रुविमानें पाडलीं तीं संख्येनें जास्त असलेल्या हरिकेनांनीं, हें येथें सांगून टाकणें न्यायाचें होईल. उतरतांना चाकांकडे लक्ष द्यावें. हरिकेनचीं चाकें एकमेकांपासून दूर आणि ऐसपैस; स्पिटफायरचीं जवळ जवळ, त्यामुळें जमिनीवर तें कांहींसें तोल सांभाळीत चालल्यासारखें दिसतें.

येथपर्यंत कोणीहि येतो. रसिकाची खरी कसोटी पुढें आहे; कारण वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधलीं गेलीं आणि त्यांच्यांत आरंभापासून शेवटापर्यंत बदल होत गेले. विमान डोक्यावरून जात असतां पंखांच्या खालीं पाहावें. एका पंखाखालीं मोठी पेटी आणि दुसऱ्याखालीं लहानशी नळी असली तर तें आरंभींच्या काळांतलें. दोन्हीकडे सारख्याच पेट्या असल्या तर १९४२ मध्यें आलेल्या नवव्या प्रकारचें किंवा त्यानंतरचें. पंख्याचीं पातीं आरंभीं तीन, नवव्यांत चार, चौदाव्यांत पांच. या चौदाव्या प्रकारांत मर्लिनच्या जागीं ग्रिफन नांवाचें थोरलें इंजिन आलें. नाक लांबलें, त्यावर दोन उंचवटे आले, आणि पंखा उलट दिशेनें फिरूं लागला. मर्लिनचें विमान धावतांना डावीकडे ओढ घेई. हें उजवीकडे घेऊं लागलें. जुन्या संवयीनें सुकाणू दाबणाऱ्या वैमानिकांची त्यामुळें जी तारांबळ उडाली तिच्या हकीकती पुष्कळ आहेत.

अमेरिकन विमानांविषयीं फार सांगावयास नको. तीं आपली ओळख स्वतःच देतात. उलट्या कमानीच्या पंखांचें कोर्सेअर, दोन शेपटांचें लाइटनिंग, पिंपासारख्या अंगाचें थंडरबोल्ट यांबद्दल गोंधळ होत नाहीं. मस्टँगचे पंख सरळ कडांचे आणि टोकें कापल्यासारखीं. पोटाखालीं मागच्या बाजूस रेडिएटरचें तोंड उघडें. जगभर उडणाऱ्या महायुद्धकालीन लढाऊ विमानांत संख्येनें तेंच आघाडीवर आहे. इंजिन मर्लिनच, पण अमेरिकेंत पॅकार्डनें बांधलेलें. म्हणून डोळे मिटून ऐकणारास तें स्पिटफायरच्या जातीचें वाटावें यांत नवल नाहीं.

खरी मौज मेसरश्मिट १०९ ची आहे. आकाशदर्शनाच्या सोहळ्यांत काळ्या क्रुसाचें, पिवळ्या नाकाचें विमान आलें कीं निवेदक ‘मेसरश्मिट’ म्हणतो आणि लोक माना डोलावतात. परंतु मूळ जर्मन इंजिनाचीं मेसरश्मिट विमानें आज उडतात तीं अगदीं थोडीं. पुष्कळदां जें दिसतें तें स्पेनमध्यें बांधलेलें ‘बुचॉन’ असतें. स्पेननें जर्मन आराखड्यावरून सांगाडे केले. युद्ध संपल्यावर जर्मन इंजिनें मिळेनात. शेवटीं त्यांत मर्लिन बसविलें. १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटांत हींच विमानें जर्मन रंग फांसून लढलीं. यांतील गंमत अशी कीं १९३५ सालीं पहिलें मेसरश्मिट उडालें तेंहि रोल्स रॉइसच्याच एका इंजिनावर! ओळखण्याची खूण सोपी आहे. जर्मन इंजिन उलटें बसविलेलें असल्यामुळें धूर सोडणाऱ्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगास असतात. बुचॉनच्या त्या वरच्या अंगास असतात, आणि हनुवटी कबुतराच्या फुगलेल्या गळ्यासारखी पुढें आलेली असते. ‘बुचॉन’ हें नांवच मुळीं तशा कबुतराचें. जपानी झीरो विमानांचीहि तीच गत. मूळ साकाए इंजिनावर उडण्याचा मान कॅलिफोर्नियांतील चिनो येथील संग्रहालयाच्या एका झीरोला मिळालेला आहे. १९४४ मध्यें सायपान बेटावर तें अमेरिकनांच्या हातीं पडलें होतें.

प्रकार ओळखला म्हणजे विमान ओळखलें असें मात्र नव्हे. माणसाची जात कळली म्हणून माणूस कळत नाहीं. हें विमान कोणतें, कोठें लढलें, याचें उत्तर अंगावरच्या अक्षरांवर विसंबून देतां येत नाहीं. मालक आपल्या आवडीच्या वीराचीं अक्षरें त्यावर काढून घेतो आणि चार वर्षांनीं तीं बदलतो. खरी ओळख कारखान्यानें ठोकलेल्या लहानशा पट्टींत आणि दप्तरांतील नोंदींत असते. येथें दोन स्पिटफायरांची तुलना करण्याजोगी आहे. ‘पी ७३५०’ हें १९४० च्या लढाईंत प्रत्यक्ष लढलेलें. युद्धानंतर तें मोडीत विकलें गेलें, परंतु घेणाऱ्यानें न मोडतां हवाई दलास परत दिलें. त्याच्या पंखावर गोळ्यांच्या भोंकांस लावलेलीं ठिगळें आजहि दाखवितात. दुसरें ‘एन ३२००’ हें २६ मे १९४० रोजीं डंकर्कच्या वेळीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर सांगात येथें वाळूंत उतरलें. वैमानिक पकडला गेला, विमान वाळूंत गडप झालें. १९८६ सालीं तें वर आलें, आणि २०१४ सालीं पुन्हां उडालें. मधल्या काळांत समुद्रानें जें खाल्लें तें सर्व नव्यानें घडवावें लागलें.

मग हें विमान तेंच काय? कित्येक अभ्यासक नाक मुरडतात. पट्टी जुनी आणि विमान नवें, असें म्हणतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. विशेषतः केवळ एका पट्टीच्या बळावर जेव्हां लाखों पौंडांची किंमत मागितली जाते तेव्हां. पण युद्धकाळींहि एका विमानाचे पंख दुसऱ्यास, एकाचें इंजिन तिसऱ्यास असाच व्यवहार चालू होता. ज्या देवळाचा चार वेळां जीर्णोद्धार झाला त्याचें स्थान आणि नांव तेंच राहतें, हें आपल्याकडे कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. जीर्णोद्धार झाला हें लपविलें तर मात्र ती लबाडी होय. एन ३२०० च्या बाबतींत तें लपविलेलें नाहीं.

दुसरा वाद याहून कठीण आहे. जें अस्सल आहे तें उडवावें कीं जपून ठेवावें? २५ मे २०२४ रोजीं लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथें हवाई दलाच्या स्मारक-तुकडीचें एक स्पिटफायर उड्डाणानंतर शेतांत कोसळलें आणि त्याचा वैमानिक मृत्यु पावला. तें विमान १९४४ सालीं नॉर्मंडीवर उडालेलें होतें. अशा वेळीं ‘संग्रहालयांत ठेवा’ म्हणणारांस उत्तर देणें सोपें नाहीं. उलट, थांबलेल्या विमानाबरोबर तें दुरुस्त करणारे हात आणि उडविणारें कसबहि थांबतें, हेंहि तितकेंच खरें. ज्यांना हें काम येतें ते त्यांतला धोका जाणून तें करतात, एवढें म्हणतां येईल.

भारतांतील पाहणारास एक विमान मात्र जरूर ठाऊक असावें. ‘एमव्ही २९३’ हें चौदाव्या प्रकारचें स्पिटफायर १९४५ च्या सुमारास भारतांत आलें, भारतीय हवाई दलाकडे राहिलें, आणि अखेर बंगळूरजवळ जलहळ्ळी येथें तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठीं जमिनीवर उभें करण्यांत आलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तें ब्रिटनमध्यें गेलें, दुरुस्त झालें आणि डक्सफर्डहून उडूं लागलें. कांहीं वर्षें त्याच्या अंगावर क्रमांक होता ‘एमव्ही २६८’ आणि अक्षरें होतीं जॉनी जॉन्सन या नांवाजलेल्या ब्रिटिश वैमानिकाचीं. कुंपणाशीं उभे असलेले लोक तें जॉन्सनचेंच विमान म्हणून पाहत. नागरी नोंदवहींत मात्र ‘जी-एसपीआयटी’ या अक्षरांपुढें त्याचा खरा क्रमांक नोंदलेला आहे, आणि ती वही कोणासहि उघडून पाहतां येते.